तापलेल्या इंजिनावर ओतलेला कलश

बा, तुला वाचता येत नव्हतं आणि मलाही येत नाही. तेव्हा हे पत्र दोन अडाण्यांमधलं आहे आणि मधे एक शहाणी बसली आहे. ती माझी नात. मी बोलते, ती लिहिते. मी बोलते तसं मात्र लिहीत नाही. नीटनेटकं करून लिहिते आणि शिव्या गाळते. पत्र तुला सभ्य वाटलं तर तो माझा गुण समजू नकोस. तू जाऊन इतकी वर्षं झाली, मला कधी तुझ्याशी बोलावंसं वाटलं नाही. आज वाटतंय तेसुद्धा गळाबिळा दाटून आला म्हणून नाही. यंदा मला हुबेहूब तुझ्यासारखा एक माणूस भेटला, म्हणून. मला वाटलं होतं, तू गेलास तेव्हा ती जात संपली.

हा तुझ्याहून गोरा आहे, पांढरे बूट घालतो आणि याच्याकडे होडी नाही, विमानं आहेत. डोळे मोठे करू नकोस. तलासरीच्या पुढे हद्द ओलांडली की गुजरातच्या बाजूला एक लहानशी धावपट्टी आहे, तिथे पोरापोरींना विमान चालवायला शिकवतात. विमानं म्हणजे आपल्या डोक्यावरून जातात तसली मोठी नव्हेत. चार माणसं गुडघे आखडून बसतील एवढीशी, लांबीला तुझ्या होडीपेक्षा कमीच. तुझी पणती त्या विमानांची इंजिनं खोलते आणि बांधते. तलासरीत खोली घेऊन राहते, सकाळी हायवेवर बस पकडते, आणि रविवारी डहाणूला माझ्याकडे येते ती नखांत काळं घेऊनच. तू असतास तर पहिलं हेच विचारलं असतंस, हिला करून कोण घेणार.

आज ती आली ती पिशवीत एक कागद घेऊन. त्यावर सही करून तिने तो उद्या मालकाला द्यायचा आहे. कागदावर छापलंय की अमुक विमानाच्या तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये जो बिघाड झाला तो हिने रिंगा चुकीच्या बसवल्यामुळे झाला. विमानात भागीदार असलेले मुंबईचे लोक विचारतायत, नवं बांधलेलं इंजिन तीन महिन्यांत बसलं कसं. मालकाला त्यांच्यापुढे ठेवायला कोणीतरी हवं आहे. सही केली तर नोकरी राहील, आणि हिने इतकी वर्षं काम केलं असा दाखला तो देईल. तो नसेल तर लायसनच्या परीक्षेला बसता येत नाही. सही नाही केली तर मंगळवारपासून यायचं नाही. पोरीने दोन दिवस धड खाल्लेलं नाही. मला म्हणते, "आजी, एक ओळ तर आहे. केली सही तर काय बिघडतं?"

मी म्हटलं, आधी माझं एक पत्र लिहून दे. कुणाला म्हणाली. माझ्या बापाला, म्हटलं. तिला वाटलं म्हातारी गेली कामातून. पण बसली वही घेऊन. बाहेर अंगणात काठ्यांवर बोंबील वाळतायत, मी दारात बसून कावळे हाकतेय आणि बोलतेय.

आता तुझं ऐक. आपल्या किनाऱ्यावर इंजिनं नवी होती तेव्हाची गोष्ट. शिडाच्या होडीत तू इंजिन बसवलंस आणि त्या दिवसापासून चालायला लागलास असा, की जणू ते तुझ्या पोटातच बसवलंय. तीन हंगाम झाले आणि ते काळा धूर ओकायला लागलं. तेव्हा आठ माणसांनी बांबू घालून ते आपल्या अंगणात आणून ठेवलं, आणि तलासरीहून ट्रकचं काम करणारा मिस्त्री आला. पुढचे दोन दात नसलेला, हात धुवायचा आळस असलेला. आई त्याचं ताट लांबूनच सरकवायची. होडीवर बाईने पाय ठेवायचा नाही हा आपल्यातला नियम. पण इंजिनच उतरून बाईच्या अंगणात आलं तर काय करायचं, यावर तुमच्यापैकी कोणी नियम केलेला नव्हता. तेवढ्या फटीतून मी आत शिरले. तेरा-चौदा वर्षांची असेन. कोळंबी धुवायच्या घमेल्यात रॉकेल घेऊन मी एकेक भाग धुऊन देत होते. तू दुसऱ्याच्या होडीवर समुद्रात होतास, नाहीतर बाजारात, नाहीतर कोणाच्या तरी ओटीवर इंजिनाच्या गोष्टी सांगत.

मिस्त्रीची बोटं जाडजूड होती. पिस्टनवर रिंग चढवताना त्याने एक मोडली आणि मग हात पुढे करून म्हणाला, तुझी बोटं बघू. रिंग म्हणजे बांगडीसारखं लोखंडी कडं, एका जागी तुटलेलं. जरा जास्त फाकवलं की मोडतं. मी सगळ्या चढवल्या, एकही मोडली नाही. तो बिडी ओढत बघत होता. "पोरी, एका रिंगेचं तोंड दुसरीच्या तोंडासमोर आणू नकोस. सगळी वाफ एकाच दारातून पळेल." ते तोंडाचं मी इतकं नीट लक्षात ठेवलं की आज माझी नात मला ते तिच्या भाषेत समजावायला लागली तेव्हा मीच तिला पुढचं सांगितलं. ती बघतच राहिली. आजीला फक्त सुकटीचा वास कळतो असा तिचा समज होता. तोही तुझ्याकडूनच आलेला असणार, रक्तातून.

जाताना मिस्त्रीने तुला तीन गोष्टी बजावल्या. इंजिन सुक्यावर चालवू नका, आत पाणी फिरल्याशिवाय ते गार राहत नाही. तापलं तर वरून पाणी टाकू नका. आणि ऑइल काळं झालं तरी हरकत नाही, पण ताकासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, असाल तिथे बंद करा. तू मान हलवत होतास. मान हलवण्यात तुझा हात धरणारा कोणी नव्हता. ऐकत मी होते.

मग तू पूजा घातलीस. होडी वाळूवर, पुरुष होडीत, बायका खाली. इंजिनाला हार, हळदकुंकू. एवढ्यावर भागलं असतं. पण एवढा गाव जमलाय तर आवाज नको का ऐकवायला, म्हणून तू ते सुक्यावरच सुरू केलंस. सरपंचांना यायला उशीर झाला म्हणून आरती तीनदा म्हटली, आणि तेवढा वेळ ते कोरड्या घशाने ओरडत होतं. सरपंच आले, तू नारळ फोडलास तो इंजिनाच्या डोक्यावर, आणि वरून अख्खा कलश रिकामा केलास. अशी वाफ उठली की बायकांनी हात जोडले. त्या वाफेत मला एक आवाज आला, बारीक, कंदिलाच्या काचेला थेंब लागल्यावर येतो तसा. मी वाळूवरून म्हटलं, बा, मिस्त्री पाणी नको म्हणाला होता.

तू खाली उतरून आलास. सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत दिलीस आणि म्हणालास, "मशिनला हात लावलास तेवढा पुरे. आता तोंड लावू नकोस."

सरपंच हसले. मग सगळेच हसले.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत तुम्ही पाचजण गेलात आणि दोन दिवस आला नाहीत. इंजिन समुद्रात बसलं होतं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या गावच्या होडीने तुम्हाला दोरी बांधून ओढत आणलं, सगळ्या किनाऱ्यादेखत. तू घरी आलास, पाणीसुद्धा न पिता अंगणात उभा राहिलास आणि जाहीर केलंस की पोरीचा हात लागला, आणखी काय होणार. मिस्त्रीला बोलावलं. त्याने हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, खोलून तडा बोटाने दाखवला, गार पाण्याने गेलाय म्हणाला, पोरीचं काम बघा, रिंगा जशाच्या तशा आहेत. तू आभाळाकडे बघत होतास. तडा दिसू नये म्हणून माणूस किती वेळ आभाळ बघू शकतो ते मी त्या दिवशी पाहिलं. पुढच्या बाजारी तू माझ्यासाठी बांबूची नवी पाटी आणलीस. तू मला आपण होऊन आणलेली ती एकच वस्तू. म्हणालास, हे तुझं इंजिन. त्या पाटीवर मी तलासरी केलं, सायवनचा बाजार केला, डोक्यावर सुकी मासळी आणि पायाखाली डांबर. तू गेलास त्या दिवशीही मी बाजारातच होते. पोरीच्या हाताने इंजिन बसलं हे तू सांगत राहिलास आणि लोक धरून राहिले. माझ्या लग्नातसुद्धा एका म्हातारीने नवऱ्याच्या आईला सांगितलं, पोरगी चांगली आहे, फक्त यंत्राजवळ नेऊ नका.

तर हा पांढऱ्या बुटांचा मालक. यंदा दसऱ्याच्या सुमाराला त्या विमानाचं इंजिन बांधून झालं. चारही सिलिंडर नवे, आणि ते हिने आणि हिच्या वरच्या इंजिनिअरने मिळून बसवले. मालकाने पूजा घातली. नातीने मला हौसेने नेलं, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, हातात सरबत दिलं. विमानाच्या चाकांखाली लिंबं, नाकाला हार. मग हार काढून इंजिन सुरू केलं, कारण पाहुण्यांना मागे पंखा फिरताना फोटो हवे होते. दोरीच्या अलीकडे एकेक पाहुणा उभा राहायचा, केस सारखे करायचा, फोटो काढायचा, मग त्याची बायको, मग दोघं मिळून. विमान जागच्या जागी उभं, इंजिन मंद चालू. माझं सरबत संपलं, दुसरं आणलं, तेही संपलं. मी नातीला विचारलं, हे उभ्याउभ्या काय चघळतंय. ती काही बोलली नाही. तिचा चेहरा मात्र उतरला होता.

ते का, हे आता मला कळलं. तुला सांगते, कारण तू विचारणार नाहीस. विमानाच्या इंजिनात पाणी नसतं, त्याला वारा गार करतो. आणि उभ्या विमानाला वारा कुठला. शिवाय नव्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरपे चरे पाडलेले असतात. सुरुवातीलाच इंजिन जोरात राबवलं, वर उडवलं, तर रिंगा त्या चऱ्यांवर घासून आपली जागा धरतात. नुसतं जमिनीवर मंद चालवत ठेवलं तर आतलं ऑइल करपून भिंतीवर बसतं, कढईच्या कडेला तेलाचा पिवळा चिकट थर बसतो ना, तसं. मग रिंगा त्यावरून घसरतात, त्यांची जागा कधीच धरली जात नाही. महिन्याभरात त्या विमानाच्या पोटाला ऑइलचे ओघळ यायला लागले. तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये हवा भरून बघितली तर आत थांबेना. ऑइल घालायच्या तोंडाशी कान नेला की सूं सूं आवाज यायचा, म्हणजे हवा रिंगांमधून पळत होती. सिलिंडर उतरवला. रिंगांची तोंडं जिथे असायला हवीत तिथेच होती, हिच्या मोबाइलमध्ये फोटो आहेत. भिंत मात्र आरशासारखी चकचकीत. मालकाने भिंतीकडे बघितलंच नाही. म्हणाला, काम तुझ्या हातचं आहे ना, मग झालं तर. वरचा इंजिनिअर तेवढ्यात फोन आला म्हणून बाहेर गेला. आणि ऐक, दुसऱ्या विमानाचं इंजिनही आता बांधून होत आलंय. पाहुण्यांना निरोप गेलेत. ही सही करणार, मग पूजेचं काहीच चुकलेलं नसणार, म्हणजे तोच सोहळा परत. त्यात पोरं बसून वर जाणार. वर ओढून आणायला दुसऱ्या गावची होडी नसते.

मला वाटलं, इतकं बोलल्यावर माझी नात तो कागद फाडेल. तसं झालं नाही. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "आजी, पण मला माहीत होतं. मी दोरीपाशीच उभी होते. नवे सिलिंडर असे चालवत नाहीत हे मला कळत होतं. मी थांबवलं नाही, मला कोणी विचारलं नाही. म्हणजे थोडी चूक माझी आहेच ना? मग केली सही तर खोटं काय?"

बा, हे पोरीला तूच शिकवलंस की मी, देव जाणे. पण त्यानंतर मी जे सांगितलं ते तिने लिहून घेतलेलं नव्हतं, नुसतंच ऐकलं. आता परत सांगून लिहवून घेतेय.

पूजेच्या दिवशी संध्याकाळी भरती आली तेव्हा तुम्ही होडी पाण्यात लोटून खाडीत एक चक्कर मारून आलात. आल्यावर तुझ्या खलाशाने ऑइल बघायची सळी काढून चिंधीला पुसली. बघितलं काही नाही, नुसती पुसली. मग त्या चिंध्या नेहमीसारख्या माझ्याकडे धुवायला टाकल्या. वरचीच चिंधी पांढरी होती. ताकासारखी. माझा गाल तोवर सुजला होता. मी चिंधी हातात धरून बसले. तू ओटीवर सरपंचांना पेढा देत होतास, माझ्यापासून पाच पावलांवर. उठून दाखवायची होती फक्त. तू सांगितलं होतंस ना, तोंड लावू नकोस. मी नाही लावलं. सोडा लावून चिंधी स्वच्छ धुतली आणि वाळत घातली. आणि तुम्हा पाचजणांना जाऊ दिलं.

तू मला खोटा दोष दिलास तो आयुष्यभर मिरवला मी, लोकांना ऐकवला, त्यावर तुझी टिंगल केली. तो खोटाच होता. पण त्याच्याआड माझा खरा दोष आरामात बसून होता, आणि तो कोणी बघितला नाही. तू तर नाहीच. तुला माझ्या हातात काय आहे ते कधी दिसलंच नाही.

 नातीने विचारलं, "बोलली असतीस तर ते थांबले असते?"

"छे. आणखी एक थोबाडीत बसली असती."

"मग?"

"मग काय. बसली असती."

तिने पिशवीतून कागद काढला. छापलेल्या ओळीवर एक आडवी रेघ मारली, कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहायला बसली. मी कावळे हाकत होते. लिहून झाल्यावर तिने वाचून दाखवलं. पूजेच्या दिवशी इंजिन जमिनीवर पाहुण्यांसमोर किती वेळ चालू होतं, सिलिंडरची भिंत कशी झाली, रिंगा कशा होत्या, फोटो सोबत जोडले आहेत. दुसऱ्या इंजिनाचं असं करू नये. आणि शेवटी, मी तिथे हजर होते, मला हे कळत होतं, तरी मी सांगितलं नाही, एवढी चूक माझी. त्याखाली सही. मी म्हटलं, घालवेल तो तुला. म्हणाली, घालवेल बहुतेक. दाखल्याचं काय, म्हटलं. म्हणाली, दुसरीकडे कामाची वर्षं पहिल्यापासून मोजायला लागतील. तोंड पांढरं पडलं होतं तिचं. मग आत जाऊन तिने ताट वाढून घेतलं.

तर असं आहे, बा. त्या मालकाबद्दल मला काही आदर नाही, तुझ्याबद्दल तर कधी नव्हताच, आणि ऐंशीला टेकलेली बाई आता नवीन काही शिकत नसते. हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुला वाचून दाखवायला तिथे कोणी असेल असं वाटत नाही, आणि असलाच तर तो सरपंच असेल. नको.

ते दोन दिवस तुम्ही आला नाहीत तेव्हा मी वाळूवरून हलले नाही. बायका म्हणाल्या, पोरगी देवाचं नाव घेतेय. मी तुझ्या इंजिनाचा आवाज ऐकत होते. शंभरात ओळखला असता. एकदा यावा एवढंच वाटत होतं, मग तू परत मारलंस तरी चाललं असतं.

हे शेवटचं लिहू नकोस असं मी नातीला सांगितलं. तिने सगळं पत्र पहिल्यापासून वाचून दाखवलं, ओळीखाली बोट फिरवत. सरपंचापाशी येऊन थांबली, झालं म्हणाली. मला अक्षर येत नाही, पण तिच्या बोटाखाली अजून चार ओळी शिल्लक होत्या, तेवढं दिसतं मला. मी म्हटलं, राहू दे.